स्वरांचे रंग

मराठी माणूस गाण्याची वाखाणणी करतांना ‘गाणें ऐकलें’ एवढेंच म्हणून थांबत नाहीं. ‘गाणें रंगलें’ असें म्हणतो. मैफल फसली तर तिचा ‘बेरंग’ झाला, असेंही तोच म्हणतो. कानाच्या व्यापाराला डोळ्याचा शब्द लावतांना आपण कांहीं विलक्षण करीत आहों, हें त्याच्या मनांतही येत नाहीं. याचें मूळ भाषेंत फार खोल गेलेलें आहे. ‘राग’ हा शब्दच मुळीं रंगविणें या अर्थाच्या धातूपासून निघालेला; म्हणून त्याचा एक अर्थ रंग, दुसरा मनाचा विकार आणि तिसरा भूप-भैरवीसारखी स्वररचना. ‘वर्ण’ या शब्दाचीही तीच कथा. तो रंगाला लागतो, मुखांतून निघणाऱ्या अक्षराला लागतो, आणि संगीतशास्त्रांत स्वरांच्या आरोही-अवरोही चालीलाही लागतो.

हा केवळ शब्दांचा खेळ आहे, कीं नाद आणि रंग यांचें खरोखरीच कांहीं नातें आहे? गोड, हलका स्वर उजळ रंगाचा आणि खर्जांतील घोगरा आवाज काळोखा, असें जें पुष्कळांना वाटतें, तें ज्याच्या त्याच्या लहरीचें फळ कीं सर्व मनुष्यजातीची सामायिक ठेव? प्रश्न दिसावयास करमणुकीचा आहे. परंतु त्याच्या पोटांत दुसरा एक प्रश्न दडलेला आहे. एका माणसाच्या अंतःकरणांत स्वरानें जें उमटतें तें दुसऱ्याच्या अंतःकरणांत तसेंच उमटतें, याला पुरावा काय?

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यानें १६९० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या मानवी बुद्धीवरील ग्रंथांत एका अंध पण अभ्यासू गृहस्थाची हकीकत दिली आहे. दृश्य वस्तूंचें ज्ञान व्हावें म्हणून या गृहस्थानें पुस्तकांच्या व मित्रांच्या साहाय्यानें पुष्कळ डोकेफोड केली आणि एके दिवशीं मोठ्या आनंदानें जाहीर केलें कीं, किरमिजी तांबडा रंग म्हणजे काय तें आतां आपणांस उमगलें. तो कसा असतो, असें मित्रानें विचारतां तो म्हणाला, तुतारीच्या आवाजासारखा. लॉकला ही गोष्ट सांगून दाखवावयाचें होतें तें इतकेंच कीं, जें इंद्रियच नाहीं त्याचा अनुभव शब्दांनीं देतां येत नाहीं. वाचक हंसले, आणि त्या अंधाचें उत्तर वेडगळपणाचें उदाहरण म्हणून ग्रंथांतून फिरूं लागलें.

भारतांत असें उत्तर कोणास वेडगळ वाटलें नसतें. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींच्या भरताच्या नाट्यशास्त्रांत आठ रसांना आठ रंग नेमून दिलेले आहेत. शृंगार श्याम, हास्य पांढरा, करुण कपोताच्या म्हणजे पारव्याच्या रंगाचा, रौद्र तांबडा, वीर गौर, भयानक काळा, बीभत्स निळा आणि अद्भुत पिवळा. त्याच ग्रंथांत अन्यत्र स्वरांची रसांवर वांटणी केली आहे. मध्यम व पंचम हे हास्य-शृंगाराकडे, षड्ज व ऋषभ हे वीर, रौद्र व अद्भुत यांच्याकडे, गांधार व निषाद करुणाकडे, आणि बिचारा धैवत एकटा बीभत्स व भयानक यांच्या वांट्याला. या दोन याद्या शेजारीं ठेवल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. भरतानें स्वराला थेट रंग दिला नाहीं. स्वर एका बाजूला, रंग दुसऱ्या बाजूला, आणि मध्यें रस उभा आहे.

पुढील शास्त्रकारांना हा मधला मध्यस्थ नकोसा झाला असावा. तेराव्या शतकांत देवगिरी, म्हणजे आजचें दौलताबाद, येथें यादव राजा सिंघण याच्या दरबारीं शार्ङ्गदेव नांवाचा एक अधिकारी होता. हुद्द्यानें तो हिशेबखात्याचा प्रमुख. परंतु त्याचा ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ उत्तर व दक्षिण या दोन्ही संगीतपद्धतींना आजही प्रमाण वाटतो. या ग्रंथांत सातही स्वरांचे रंग थेट सांगितले आहेत. षड्ज कमळाच्या कांतीचा, ऋषभ पिंजर म्हणजे तांबूस-पिवळा, गांधार सोन्यासारखा, मध्यम कुंदाच्या फुलासारखा शुभ्र, पंचम काळा, धैवत पिवळा आणि निषाद चित्रविचित्र, अनेक रंगांचा. त्याहून जुन्या नारदीय शिक्षेंतही जवळजवळ हीच यादी आहे.

आतां हिशेबनिसाची ही यादी भरताच्या यादीशीं ताडून पाहावी. मध्यम हास्याचा आणि हास्य पांढरें, मध्यमही पांढरा. येथें मेळ बसतो. पंचम शृंगाराचा, शृंगार श्याम, पंचम काळा, हेंही जुळतें. पण करुण रसाचा गांधार पारव्या रंगाचा असावयास हवा, तो येथें सोन्यासारखा लखलखतो; आणि भयानकाचा धैवत काळा-निळा असावयाचा तो पिवळाधमक! येथें तर्क लढविण्याचा मोह आवरत नाहीं. याच ग्रंथांत प्रत्येक स्वराला एकेका प्राण्याचा आवाज दिला आहे. पंचम कोकिळेचा, आणि कोकिळ काळा. धैवत बेडकाचा, आणि पहिल्या पावसांत डबक्याकांठीं डरांव डरांव करणारा नर बेडूक खरोखरीच हळदीसारखा पिवळा झालेला असतो. परंतु हा तर्क फार ताणूं नये; कारण निषाद हत्तीचा सांगितला आहे, आणि चित्रविचित्र रंगाचा हत्ती मिरवणुकीखेरीज कोठें पाहावयास मिळत नाहीं.

युरोपांत हा प्रश्न आला तो मात्र गणिताच्या दारानें. शाळेंत प्रत्येक मराठी मूल ‘तानापिहिनिपाजा’ पाठ करतें: तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. इंद्रधनुष्यांत सातच रंग कां, सहा किंवा नऊ कां नव्हेत, असें फारसें कोणी विचारीत नाहीं. वास्तविक त्या पट्ट्यांत कोठेंही रेघ आंखलेली नाहीं. एक रंग दुसऱ्यांत नकळत विरत जातो. न्यूटननें आपल्या प्रारंभींच्या प्रकाशविषयक व्याख्यानांत पांचच मुख्य रंग धरले होते. पुढें त्यानें नारिंगी व पारवा हे दोन आणखी घातले, आणि १६७५ सालीं रॉयल सोसायटीपुढें मांडलेल्या निबंधांत व नंतर १७०४ च्या ‘ऑप्टिक्स’ ग्रंथांत रंगपटाचे भाग सप्तकांतील स्वरांच्या अंतरांप्रमाणें पाडून दाखविले. सप्तकांत दोन ठिकाणीं अर्ध्या स्वराचें अंतर असतें. त्या दोन अरुंद जागीं त्यानें नारिंगी व पारवा बसविले. अर्थात् जगभर मुलें जो सातांचा आंकडा घोकतात तो भिंगांतून आलेला नसून वाद्याच्या तारेवरून आलेला आहे. एवढा मोठा परीक्षक, पण विश्वाची रचना संगीतासारखीच असली पाहिजे या जुन्या श्रद्धेपासून त्यालाही सुटतां आलें नाहीं.

न्यूटननें जें कागदावर मांडलें तें लाकडांत व कांचेंत उभें करण्याचा ध्यास फ्रान्समधील लुई-बेर्त्रां कास्तेल या जेसुइट धर्मगुरूनें घेतला. गंमत अशी कीं, हा गृहस्थ न्यूटनचा भक्त नसून कट्टर विरोधक होता. १७२५ सालीं एका फ्रेंच मासिकांतून त्यानें ‘डोळ्यांचें हार्प्सिकॉर्ड’ अशी कल्पना प्रसिद्ध केली. हार्प्सिकॉर्ड हें पियानोच्या आधींचें, पट्टी दाबतांच तार छेडली जाणारें वाद्य. कास्तेलच्या वाद्यांत पट्टी दाबली म्हणजे पडदा सरकून रंगीत प्रकाश दिसावयाचा होता. सात रंगांवर त्याचें समाधान नव्हतें. अर्धस्वरांसह बारा स्वर, म्हणून बारा रंग. पहिल्या स्वराला त्यानें निळा दिला, कारण रंगाऱ्यांच्या धंद्यांत निळा हाच पाया, असें त्याचें म्हणणें. तिसऱ्याला पिवळा, पांचव्याला तांबडा. हे तीन मूळ रंग एकत्र आले कीं सुस्वर मेळ सिद्ध!

आपण तत्त्ववेत्ते आहों, सुतार नव्हे, असें तो आधीं म्हणत असे. पण लोक प्रत्यक्ष वाद्य दाखवा म्हणूं लागले, आणि मग उरलेलें सारें आयुष्य, जवळजवळ तीस वर्षें, त्या यंत्राच्या खटपटींत गेलें. जर्मन संगीतकार टेलेमान पॅरिसला येऊन गेला व त्यानें १७३९ सालीं त्या वाद्याचें वर्णन छापलें. कास्तेलची सर्वांत हृद्य आशा बहिऱ्यांविषयीं होती. ज्यांनीं जन्मांत स्वर ऐकला नाहीं त्यांना डोळ्यांनीं संगीत भोगतां येईल, असें तो मनापासून मानीत असे. या आशेवर दिदरो या तत्त्वज्ञानें १७५१ च्या आपल्या मूकबधिरांवरील पत्रांत एक मार्मिक हकीकत सांगितली आहे. त्यानें एका मूकबधिर माणसाला तें यंत्र दाखविलें. त्या माणसानें पुष्कळ निरखून निष्कर्ष काढला कीं, याचा कर्ता आपल्यासारखाच मुका-बहिरा असला पाहिजे, आणि हें यंत्र तो बोलण्यासाठीं वापरीत असला पाहिजे. एकेक रंग म्हणजे एकेक अक्षर. दिदरोचा हेतु थोडाफार टवाळीचा होता. पण त्या माणसाची कल्पना बुद्धिहीन खास नव्हती. रंग हे अर्थ वाहून नेण्यासाठीं आहेत हें त्यानें बरोबर ताडलें. संगीत मात्र त्याच्यापर्यंत पोंचलें नाहीं. रूसोनेंही कास्तेलवर कडक टीका केली. रंग एके जागीं टिकून राहतात, स्वर एकामागून एक येऊन नाहींसे होतात. दोहोंची जातच निराळी, असें तो म्हणतो. १७५७ सालीं कास्तेल वारला, आणि त्याचें वाद्य त्याच्या मागें उरलें नाहीं.

त्याचा पराभव कां झाला हें आज निश्चित सांगतां येतें. मनुष्याच्या कानाला सेकंदास सुमारें २० पासून २०,००० पर्यंत कंपनें ऐकूं येतात. म्हणजे जवळजवळ दहा सप्तकें. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाचा पल्ला पुरा एक सप्तकसुद्धां नाहीं. दुसरी अडचण याहूनही मोठी. षड्ज व पंचम एकदम वाजले तर शिकलेला कान दोन्ही स्वर वेगवेगळे ओळखतो. तांबडा व हिरवा प्रकाश एकत्र केला तर डोळ्याला दिसतो तो सरळ पिवळा. त्यांत तांबडें कोठें व हिरवें कोठें हें डोळा कितीही शिकविला तरी त्याला सांगतां येत नाहीं. आंकड्यांचा पूल बांधावयाचा तर दोन्ही तीर एका मापाचे हवेत, ते नाहींत. गटेनें १८१० सालीं आपल्या रंगविषयक ग्रंथांत हें अंदाजानें जाणलें होतें. नाद व रंग या एकाच डोंगरांत उगम पावून अगदीं भिन्न प्रदेशांतून वाहणाऱ्या दोन नद्या आहेत, अशा आशयाची उपमा त्यानें दिली आहे.

कर्कश आवाजाची गोष्ट थोडी निराळी आहे. तेथें कान व डोळा खरोखरीच जवळ येतात. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यानें १८६३ सालीं विसंवादी स्वर कानाला कां बोचतात याचा उलगडा केला. दोन अगदीं जवळचे स्वर एकत्र वाजले कीं आवाज सेकंदांत अनेकदां उसळतो व बसतो. पेटीचे दोन शेजारचे सूर दाबून पाहिल्यास ही थरथर सहज ऐकूं येते. तिनें कानाला जो त्रास होतो तो लुकलुकणाऱ्या दिव्यानें डोळ्याला होणाऱ्या त्रासासारखाच आहे, असें हेल्महोल्ट्झ म्हणतो. स्थिर प्रकाश आणि स्थिर स्वर सुखद. फडफडणारा दिवा आणि खरखरणारा आवाज असह्य. येथें रंगाचा संबंध नाहीं, पण सुख-दुःखाचा आहे, आणि हा धागा पुढें उपयोगी पडला. आजचे ध्वनितज्ज्ञ सर्व कंपनें सारख्या जोरानें मिसळलेल्या सूं-सूं आवाजाला ‘श्वेत रव’ म्हणतात, कारण पांढऱ्या प्रकाशांतही सर्व रंग मिसळलेले असतात. खालच्या कंपनांकडे झुकलेला तो ‘गुलाबी’. त्याहून खर्जाकडे झुकलेल्याला ‘ब्राउन’ म्हणतात. परंतु तें नांव तपकिरी रंगाचें नव्हे, रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाचें आहे!

एकोणिसाव्या शतकांत शोधाचें तोंड यंत्रांकडून माणसांकडे वळलें. १८१२ सालीं जर्मनींतील एर्लांगेन विद्यापीठांत गेओर्ग साक्स या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानें आपला प्रबंध सादर केला. तो आणि त्याची बहीण दोघेंही जन्मतः वर्णहीन, म्हणजे पांढऱ्या कातडीची व केसांची. प्रबंधाचा विषय तोच होता. परंतु त्यांत ओघानें एक नवल नोंदलें गेलें. स्वर, अक्षरें, आंकडे, वार यांच्याबरोबर मनांत ठराविक रंग उभे राहतात. अशा माणसांची ही पहिली शास्त्रीय नोंद मानतात. पुढें १८८१ सालीं झुरिच येथें ऑइगेन ब्लॉयलर व कार्ल लेमान या दोन विद्यार्थ्यांनीं शेंकडों लोकांस विचारून या विषयावर पुस्तक लिहिलें. ब्लॉयलरला स्वतःलाच आवाजाबरोबर रंग दिसत. ज्यांना असे रंग दिसतात त्यांची एकमेकांशीं फारशी एकवाक्यता होत नाहीं. पण एका बाबतींत बहुतेकांचें जुळे. चढा स्वर उजळ, खालचा स्वर गडद.

एकवाक्यता किती आणि मतभेद किती, याचा एक सुरेख प्रसंग संगीताच्या इतिहासांत नमूद आहे. १९०७ सालीं पॅरिस येथें रशियन संगीताचे जलसे चालू असतांना रिम्स्की-कोर्साकोव्ह, स्क्र्याबिन व राख्मानिनॉफ हे तीन रशियन संगीतकार एका उपाहारगृहांत बोलत बसले होते. पहिल्या दोघांना प्रत्येक स्वरमेळांत रंग दिसे. राख्मानिनॉफला हें सारें थोतांड वाटे, आणि दोघांचे रंग एकमेकांशीं जुळत नाहींत हें दाखवून त्यानें त्यांना पेंचांतही धरलें. एकच स्वरमेळ एकाला निळा, तर दुसऱ्याला तांबूस-जांभळा. परंतु ‘डी मेजर’ नांवाचा स्वरमेळ सोनेरी-पिवळा याविषयीं मात्र दोघांचें एकमत. आणि मग राख्मानिनॉफच्याच संगीतिकेची त्याला आठवण देण्यांत आली: त्यांतील कंजूष म्हातारा सरदार तळघरांत आपल्या पेट्या उघडतो व सोनें झळाळूं लागतें, तो प्रवेश ‘डी मेजर’ मध्येंच बांधलेला आहे. राख्मानिनॉफनें आठवणी सांगतांना ही गोष्ट स्वतःच सांगितली, हें त्याच्या सरळपणाला शोभणारेंच आहे.

स्क्र्याबिन एवढ्यावर थांबला नाहीं. त्यानें ‘प्रोमेथेउस’ या आपल्या रचनेंत व्हायोलिन, तुताऱ्या यांच्याबरोबर प्रकाशासाठीं एक स्वतंत्र ओळच लिहिली. १९११ सालीं मॉस्कोंत पहिला प्रयोग झाला तो रंगांवांचून. रंगांसह प्रयोग झाला तो १९१५ च्या मार्चमध्यें न्यूयॉर्कला, लहानशा पडद्यावर दिवे टाकून. तो कर्त्यानें पाहिला नाहीं. पुढच्याच महिन्यांत तो रशियांत वारला.

कास्तेल आणि स्क्र्याबिन दोघांचीही चूक एकच होती. सुटा स्वर आणि सुटा रंग यांची त्यांनीं जोडी लावली. १९३८ सालीं अमेरिकेंतील डार्टमथ कॉलेजांत कार्वोस्की व ओडबर्ट यांनीं सामान्य विद्यार्थ्यांस संगीत ऐकवून अभ्यास केला, तेव्हां दृष्टि बदलली. सुट्या स्वराऐवजीं ऐकणाऱ्याच्या मनःस्थितीकडे पाहिलें जाऊं लागलें. पक्की परीक्षा २०१३ सालीं झाली. कॅलिफोर्नियांतील बर्कली येथील स्टीफन पामर व त्यांचे सहकारी यांनीं बाख, मोझार्ट व ब्राम्स यांच्या रचनांचे १८ तुकडे निवडले आणि ३७ रंगांचा पट समोर ठेवला. तुकडा ऐकावयाचा आणि त्याला सर्वांत शोभणारे पांच व सर्वांत विशोभित पांच रंग सांगावयाचे. मग तोच तुकडा व तोच रंग किती आनंदी, किती उदास, किती रागीट, हें वेगवेगळें विचारलें. जलद व प्रसन्न संगीताला लोकांनीं उजळ, भरघोस व पिवळ्याकडे झुकणारे रंग दिले. संथ व उदास संगीताला फिके, काळपट व निळसर. संगीताचा भाव आणि निवडलेल्या रंगाचा भाव यांचा मेळ इतका घट्ट निघाला कीं, एकावरून दुसरा जवळजवळ सांगतां यावा. हेंच मेक्सिकोंतील ग्वादालाहारा शहरांतही करून पाहिलें, तेथेंही तेंच. दुसऱ्या एका परीक्षेंत संगीताऐवजीं हंसरे, रडवेले, संतापलेले चेहरे दाखविले, तरी रंगांची निवड तशीच राहिली. संतापाला गडद तांबडा व काळपट.

नाद व रंग यांच्यामध्यें भाव उभा आहे, असा याचा अर्थ. चढा स्वर उजळ वाटण्याची खोड तर याहूनही जुनी दिसते. २०११ सालीं जपानांत चिंपांझींवर केलेल्या प्रयोगांत पांढऱ्या चौकोनाबरोबर चढा आणि काळ्याबरोबर खालचा स्वर वाजविला असतां त्यांच्या चुका कमी होत, उलट केलें तर वाढत. तेथें भाषा नाहीं, शिकवण नाहीं, ‘गाणें रंगलें’ म्हणावयास कोणी नाहीं. लॉकच्या त्या अंध गृहस्थाला तांबडा रंग दिसला नाहीं हें खरेंच. पण तो रंग मनाला काय करतो हें त्याला मित्रांच्या बोलण्यावरून कळलें होतें, आणि तुतारी काय करते हें तो स्वतः ऐकत होता. त्याला हंसणाऱ्यांनीं थोडी घाई केली.

भरताच्या यादीकडे पुनः पाहिलें म्हणजे बर्कलीच्या निष्कर्षांतील कांहीं ओळखीचे चेहरे दिसतात. रौद्र तांबडा, भयानक काळा. आणि उदास संगीताला अमेरिकनांनीं व मेक्सिकनांनीं दिलेला तो फिका, मळकट, निळसर रंग म्हणजे दुसरें काय, करुणाचा कपोतच. सर्व जुळत नाहीं. हास्याला भरत पांढरें म्हणतो, तेथें आजचे लोक पिवळें म्हणतात. बीभत्साला निळा कां, याची संगति लावणें कठीण. संकेतांचा वांटा तेवढा राहणारच.

सुट्या स्वरांच्या याद्यांना मात्र कोणाचाच आधार मिळत नाहीं. आपल्या षड्जाला पाश्चात्य पेटीवरील ‘सी’ या स्वराच्या जागीं क्षणभर धरलें, तर शार्ङ्गदेवाला तो कमळासारखा, कास्तेलला निळा, रिम्स्की-कोर्साकोव्हला पांढरा आणि स्क्र्याबिनला तांबडा. त्यांतही शार्ङ्गदेवाचा षड्ज कंपनांनीं बांधलेला नाहींच. गाणाऱ्याच्या गळ्याला सोसेल तेथें तो लागतो, काळी एक म्हणा कीं पांढरी पांच. आणि एकच राग विलंबितांत आळविला जातो तेव्हां, व तोच राग द्रुत तराण्यांत धांवूं लागतो तेव्हां, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढें एकच रंग राहत नाहीं, हें मैफलींत बसणाऱ्या कोणालाही विचारून पाहावें.